शाळेसाठी तीन कोटेशनं

माझा स्वभाव संशयी नाही, खरेदी विभागाचा आहे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मी पाइप, व्हॉल्व्ह, वॉशर आणि क्लोरीनची पावडर विकत घेतो, म्हणजे घेण्याची शिफारस करतो. आमच्याकडे तीन कोटेशनं आल्याशिवाय साधी टाचणी विकत घेता येत नाही. तीन बंद पाकिटं यायची, ती समितीसमोर फोडायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि अटी पाळणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम द्यायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर ती सवय कार्यालयाच्या फाटकापाशी थांबत नाही, ती माझ्याबरोबर घरी येते. मध्यंतरी माझी दाढ दुखत होती. मी रीतसर तीन दंतवैद्यांकडे चौकशी केली. तिसऱ्याचा दर हाती येईपर्यंत दाढेनं स्वतःच निर्णय घेतला आणि ती जेवताना पडली. खर्च शून्य आला. बायको ही हकीकत लोकांना वेगळ्या सुरात सांगते.

तर, मुलगी पहिलीत जाण्याएवढी झाली.

मुलीबद्दल थोडं सांगायला हवं. ती भरपूर बोलते, पण ओळखीच्यांशीच, आणि तिच्या ओळखीचे आम्ही दोघंच. बालवर्गात ती वर्षभर खिडकीजवळच्या बाकावर एकटी डबा खायची. बाई म्हणाल्या, "गुणी आहे हो, अजिबात त्रास नाही तिचा." त्या दिवशी बायको घरी येऊन रडली. मला आधी कळेना की यात रडण्यासारखं काय आहे, आणि कळलं तेव्हा मलाही बरं वाटेना.

"शाळा कुठलीही बघ," बायको म्हणाली, "तिला तिथे एक मैत्रीण मिळाली पाहिजे. बाकी मला काही नको."

"हा निकष तक्त्यात बसत नाही."

"मग तक्ता मोठा कर."

बायको दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. (माझ्या दाढेशी या दवाखान्याचा संबंध नव्हता. नात्यातल्या माणसाकडून कोटेशन घेता येत नाही.) दिवसभर कण्हणाऱ्या लोकांना ती "बसा, होईल" एवढंच सांगते आणि ते बसतात. घरी मात्र तिच्या सांगण्यावर कुणी नुसतं बसून राहिलेलं तिला चालत नाही.

शाळा शोधतोय ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या वहिनींचा मुलगा आंतरराष्ट्रीय शाळेत जातो, त्यामुळे त्या आपण होऊन आल्या. "तिथे मार्क देतच नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग काय देतात?"

"फीडबॅक."

"आणि पाढे?"

"पाढे मुलांना आपोआप सापडतात."

मी फी विचारली. त्यांनी सांगितली. मी खुर्चीत बसलेलोच होतो, तरी पुन्हा एकदा बसलो. वहिनींच्या यजमानांनी गाडी विकून सायकल घेतली ती पर्यावरणासाठी असं मी इतके दिवस समजत होतो आणि चारचौघांत त्यांचं कौतुकही करत होतो.

वरच्या मजल्यावरच्या काकांचं मत अगदी उलट. ते निवृत्त हिशेबनीस आहेत आणि जिन्यात भेटले की कठडा धरून उभे राहतात, म्हणजे समोरच्याला जाता येत नाही. "मी कुठल्या शाळेत शिकलो, ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मलाही आता आठवत नाही. काही अडलं का माझं?"

काकांना त्या दिवशी आपल्याच घराची किल्ली सापडत नव्हती म्हणून ते जिन्यात उभे होते, हा मुद्दा मी शिष्टाचार म्हणून काढला नाही.

अशा तोंडी मतांवर माझा विश्वास नाही. मी तीन शाळा निवडल्या. पहिली वहिनींची, गावाबाहेरची, हिरवळवाली. दुसरी नवीच निघालेली, तिच्या पाटीवर जगाचा गोल होता आणि खाली "आंतरराष्ट्रीय शिक्षण, घरगुती दरात" असं लिहिलेलं होतं. तिसरी आमच्या कोपऱ्यावरची, आपल्या भाषेतली साधी शाळा. तिच्या आवारातला आरडाओरडा मधल्या सुट्टीत आमच्या खिडकीतून ऐकू येतो. तिन्ही शाळांना मी एकाच मसुद्याचं पत्र पाठवलं: आपल्याकडील शिक्षणाचा तांत्रिक तपशील एका पाकिटात आणि दर दुसऱ्या पाकिटात, दोन्ही पाकिटं तिसऱ्यात घालून लाखेचं सील करून पाठवावीत. अनामत रक्कम भरण्याची अटही होती, ती बायकोनं खोडायला लावली. मुलीचा बाप शाळेकडून अनामत मागतो हे ऐकलं तर लोक आपल्याला वाळीत टाकतील, असं तिचं म्हणणं पडलं. मी नाराजीनं ती ओळ खोडली आणि खोडलेल्या जागी छोटी सही केली.

ठरलेल्या रविवारी पाकिटं फोडण्याची सभा आमच्या बैठकीच्या खोलीत भरली. समितीत मी, बायको, वरचे काका आणि मुलगी. मुलगी स्टुलावर बसून सगळं अतिशय बारकाईनं बघत होती. तिला असं एखाद्या कामात रमलेलं बघून मला बरं वाटलं, पुढचं मला काय माहीत.

हिरवळवाल्या शाळेनं दर कळवलेच नव्हते. जाड गुळगुळीत कागदावर शाळा बघायला येण्याचं आमंत्रण होतं आणि त्यावर झाडाखाली हसणारी मुलं होती. नव्या शाळेनं एकाच पाकिटात सगळं कोंबून वर चिकटपट्टी लावली होती. कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तर माझंच पत्र परत पाठवलं होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून: "मुलीला घेऊन या. बाकीचं बघू."

"पाकीट कुठंय?" मी विचारलं.

"पाकीट नाही," बायको म्हणाली. "त्यांचा शिपाई हातात देऊन गेला."

"मग अपात्र."

"का पण?"

"सीलबंद नाही. उद्या कुणी आक्षेप घेतला तर?"

"कोण घेणार आहे आक्षेप?" बायकोनं विचारलं आणि काकांकडे बघितलं. काका पेंगत होते. मी तक्त्यात कोपऱ्यावरच्या शाळेपुढे तांबड्या शाईनं "अपात्र" लिहिलं. मुलीनं विचारलं, "म्हणजे काय?" मी सांगितलं, "म्हणजे आभार मानायचे आणि नको म्हणायचं." तिनं मान डोलावली.

नव्या शाळेकडे मी मोठ्या उत्साहानं गेलो, कारण तिथे घासाघीस करता येईल असा अंदाज होता. त्या इमारतीत आधी फर्निचरचं दुकान होतं. शाळा सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे वर्गात पॉलिशचा वास होता आणि एका भिंतीवर "कृपया गाद्यांवर बसू नये" ही पाटी तशीच राहिली होती. टाय लावलेले संचालक मला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेले. तिथे एक तीन माणसांचा सोफा होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"चिंतनासाठी," ते म्हणाले.

फीचा विषय निघाला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी एक आकडा सांगितला, मी नुसत्या भुवया उंचावल्या, त्यांनी दुसरा सांगितला. मी गप्प राहिलो, आकडा आणखी खाली आला. मी खिडकीबाहेर बघितलं तेव्हा त्यांनी बस फुकट केली. रुमाल काढून नाक पुसलं त्यावर गणवेश मिळाला. शेवटी मी खरोखरच खोकलो, तर त्यांनी दुसरीची निम्मी फीसुद्धा सोडली. इथे माझ्यातला खरेदी विभाग सावध झाला. अवास्तव कमी दर लावणारा पुरवठादार काम अर्धवट टाकून पळतो, हे आम्ही क्लोरीनच्या बाबतीत सोसलेलं आहे. मी त्यांना त्या दराचं सविस्तर पृथक्करण लेखी मागितलं. ते आणायला आतल्या खोलीत गेले. मी बराच वेळ सोफ्यावर चिंतन करत बसलो आणि मग घरी आलो.

आठवडाभरानं पृथक्करणाची आठवण करायला गेलो तर दारावर नवी पाटी लागत होती. शाळेच्या जागी व्यायामशाळा होणार होती. रंगाऱ्यानं सांगितलं की आधीचे मालक सामान घेऊन गेले. माझा अंदाज बरोबर ठरला होता. घरी हे मी अभिमानानं सांगितलं, पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"म्हणजे आता एकच राहिली," बायको म्हणाली, "आणि ती आपल्याला परवडत नाही."

"दर कळल्याशिवाय असं म्हणता येणार नाही."

"दर वहिनींनी सांगितलाय. तू दोनदा बसलास तेव्हा."

तरी आम्ही गेलो. माझ्या मनात ती निव्वळ मालाची तपासणी होती. हिरवळ खरी होती, मी वाकून खात्री केली. मुलांच्या हात धुण्याच्या जागेत नळ बघायला गेलो, ते तर माझ्या खात्याचंच काम. पण नळाला चावी नव्हती. हात पुढे केला, पाणी आलं नाही. दोन्ही हात पुढे केले, वरखाली हलवले, टाळी वाजवली. मागे पाचवी-सहावीतली मुलं रांग लावून उभी राहिली आणि कुणी हसलं नाही, हेच मला जास्त लागलं. एकीनं पुढे होऊन हात धरला तर नळ लगेच सुरू झाला. पाणीपुरवठ्याच्या माणसाला नळानं ओळख दाखवू नये ही गोष्ट मी आजवर कार्यालयात कुणाला सांगितलेली नाही.

मग प्रवेश सल्लागार बाईंच्या खोलीत मी माझी प्रश्नावली काढली. शिक्षकांचं रोजचं काम कोण तपासतं, बदली शिक्षक मिळतो का, आणि मूल दहावी झाल्यावर किती वर्षांची हमी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. आता तुमच्या मुलाखतीची तारीख ठरवू या."

"आमच्या?"

"आम्ही नुसत्या मुलांना प्रवेश देत नाही. पालकांनाही देतो."

त्या क्षणी टेबलाची बाजू बदलली. मी आयुष्यभर टेबलाच्या आतल्या बाजूला बसलो आहे. समोर पुरवठादार बसतात, हातात नमुना घेऊन, चेहऱ्यावर हसू आणून. आता माझ्या हातात नमुना होता. दोन वेण्या घातलेला, पाय हलवत बसलेला.

तयारी वहिनींनी करून घेतली. "विचारतील, पालक म्हणून तुमचं तत्त्वज्ञान काय? तर म्हणायचं, आम्ही मुलीला उत्तरं देत नाही, प्रश्न देतो. आणि मध्येमध्ये 'प्रवास' म्हणत जा. शिक्षण हा प्रवास आहे, चूक हा प्रवास आहे." मी पाठ केलं. वरच्या काकांनी जिन्यात अडवून सांगितलं की मुलाखतीत काहीही विचारलं तरी आधी पाणी मागायचं, विचार करायला वेळ मिळतो. बायकोनं तयारी करायला नकार दिला. "विचारतील ते सांगेन," ती म्हणाली. मी धोका ओळखायला हवा होता.

मुलाखतीला आम्हाला लहान मुलांच्या रंगीत स्टुलांवर बसवलं, म्हणजे म्हणे वातावरण मोकळं राहतं. माझे गुडघे कानांपाशी आले. अशा अवस्थेत माणसाला कुठलंही तत्त्वज्ञान शोभत नाही. पलीकडे सल्लागार बाई आणि आणखी दोघं. पहिला प्रश्न मला आला. मी पाणी मागितलं. पाणी आलं, मी प्यायलो आणि म्हणालो, "आम्ही मुलीला उत्तरं देत नाही."

पुढचं वाक्य आठवेना. मी आणखी पाणी मागितलं.

"अजिबात देत नाही?" एका गृहस्थांनी काळजीनं विचारलं.

"हा एक प्रवास आहे," मी म्हणालो.

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि मुलीकडे वळले. बाबा काय करतात, असं त्यांनी तिला विचारलं. ती अनोळखी माणसांशी बोलत नाही म्हणून मी निर्धास्त होतो, पण नेमकी ती बोलली. "बाबांना लोक पाकिटं देतात," ती म्हणाली. "मग ज्याचं पाकीट आवडेल त्याला बाबा काम देतात."

मी घाईघाईनं खरेदीचे नियम समजावू लागलो. जितकं समजावत गेलो तितकं ते आणखी वाईट ऐकू येत गेलं. मग सल्लागार बाईंनी विषय बदलावा म्हणून बायकोला विचारलं, "तुम्हाला आमचीच शाळा का निवडावीशी वाटली?"

"आम्ही निवडलेली नाही," बायको म्हणाली. "हे म्हणतात तीन पाहिजेत. एक बंद पडली, एक यांनी बाद केली. तुम्ही राहिलात."

त्यानंतर आम्हाला बाग दाखवण्यात आली आणि बागेतूनच फाटक दाखवण्यात आलं.

बाहेर आल्यावर मी बायकोवर चिडलो. ती म्हणाली, "आतल्या एका तरी माणसानं तिला तिचं नाव विचारलं का? बाबा काय करतो ते विचारलं." मी आठवून बघितलं. नव्हतं विचारलं. मी मुलीचा हात धरला आणि आम्ही बसथांब्याकडे चालू लागलो.

पत्र त्याच आठवड्यात आलं, उत्कृष्ट पाकिटातून. मी ते मोठ्यानं वाचायला घेतलं. "आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आम्ही आभारी आहोत. तथापि, सध्या आपला विचार करणे शक्य नाही. भावी वाटचालीस शुभेच्छा." वाचता वाचता माझा आवाज उतरला. हा मसुदा माझा होता. म्हणजे तो सगळ्यांचाच असतो, पण आमच्या कार्यालयात न घेतलेल्या प्रत्येक पुरवठादाराला हीच तीन वाक्यं माझ्या सहीनं जातात, आणि ती फार सभ्य आहेत असं माझं कालपर्यंत मत होतं. "तथापि" हा शब्द समोरून कसा लागतो याची मला कल्पना नव्हती. स्टुलावरून मुलीनं विचारलं, "म्हणजे आपण अपात्र?"

"हो," मी म्हणालो.

"पाकीट तर होतं."

बायकोनं तिला आत नेलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन ती माझ्यासमोर बसली. "शाळा सुरू व्हायला आली. आता तुझा नियम काय म्हणतो?"

"एकही पात्र पुरवठादार उरला नाही तर नव्यानं कोटेशनं मागवायची."

"मागव. तोवर ती कॉलेजला जाईल." तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमच्याकडे एखादी लाइन फुटली, रस्त्यावर पाणी आलं, तर काय करता? तीन पाकिटांची वाट बघता?"

"नाही. मग तातडीची खरेदी करतात. जवळ जे मिळेल ते आणायचं आणि कागदपत्रं नंतर करायची. त्याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात."

"हं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा कार्यालयात फोन आला. जेवणाच्या सुट्टीत ती मुलीला घेऊन कोपऱ्यावर गेली होती आणि प्रवेश झालाही होता. "सहीला ये," ती म्हणाली, "बापाची लागते. कार्योत्तर."

मी गेलो. मुख्याध्यापिका व्हरांड्यात उभ्या होत्या, हाताला खडू लागलेला. मुलगी आधीच एका वर्गाच्या दाराशी उभी राहून आत बघत होती. "तुमच्या पत्राला मी उत्तर पाठवलं होतं," बाई म्हणाल्या. "मिळालं नव्हतं का?"

"मिळालं होतं. अपात्र ठरलं."

"अरेच्चा. ते का?"

"पाकीट नव्हतं," मी म्हणालो, आणि हे वाक्य मोकळ्या हवेत फारच छोटं वाटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी व्हरांड्यातल्याच टेबलाच्या खणातून एक तपकिरी पाकीट काढलं, त्यात प्रवेशाची पावती घातली, जीभ लावून चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं. सीलबंद पाकिटाला मला नाही म्हणता येत नाही. मी सही केली.

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी कार्यालयात एकही फाइल धड वाचली नाही. मधल्या सुट्टीच्या सुमाराला खिडकीजवळचा बाक सारखा डोळ्यांसमोर येत होता. वॉशरच्या फाइलवर मी दोनदा चुकीच्या जागी सही केली. साहेबांनी तब्येत विचारली तेव्हा मी दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि लवकर घरी आलो.

मुलगी दारात बसून बूट काढत होती. बायको स्वयंपाकघरात होती, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

"कशी आहे शाळा?" मी विचारलं.

"बरी आहे."

"डबा कुठे खाल्लास?"

"पायरीवर."

मी तिच्याशेजारी बसलो. "कुणी मैत्रीण मिळाली?"

"तीन मुलींना विचारलंय," ती म्हणाली. "खेळणार का म्हणून. तिघी हो म्हणाल्या. एकीजवळ दोरी आहे. एकीला खूप जोरात पळता येतं. एक नुसतीच हसते." दुसरा बूट निघेना म्हणून तिनं पाय माझ्याकडे केला. "उद्या ठरवणार."

"काय ठरवणार?"

"कुठली घ्यायची ते. मग बाकीच्या दोघींना सांगायचं, आम्ही आभारी आहोत."

त्या दोघी कोण, कुणाच्या, मला काहीच ठाऊक नव्हतं. पण त्यांतली एक नक्की ती नुसतीच हसणारी होती, आणि उद्या मधल्या सुट्टीत माझ्या मुलीच्या तोंडून तिला माझं पत्र मिळणार होतं.

"अगं, तिघींना घे," मी म्हणालो.

"तिघींना?" तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. "चालतं तसं?"

"चालतं."

"नियमात आहे?"

नियमाचं पुस्तक न उघडता मी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही. "आहे," मी म्हणालो.

तिचा विश्वास बसेना. बूट हातात धरून ती तशीच बघत राहिली. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. त्यात दवाखान्यातला ठामपणा होता. "लेखी दे तिला."

मी दिलं. कोऱ्या कागदावर "तिघींनाही घेण्यास मंजुरी" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली तारीख घालून सही केली. मुलीनं अक्षर अक्षर लावून ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत चमच्याशेजारी ठेवली. पाकीट मात्र तिनं मागितलं नाही.